मावशींना आधी बसू द्या: नागपूरच्या वृद्धाश्रमात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा ४५ च्या वर, खोलीत कूलरची घरघर, आणि खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजी पाण्याला हात लावायला तयार नाहीत. मी दर बुधवारी जाते, आणि दर बुधवारी तेच. "आजी, पाणी प्या, ऊन लागेल." "हाव," म्हणायच्या. ग्लास तसाच. सिस्टरला वाटलं तोंडाची चव गेली, मला वाटलं हट्ट आहे. लिंबू-साखर-मीठ घालून पाहिलं, घरून पन्हं करून नेलं. उपयोग शून्य. शेवटी जूनच्या तोंडावर एकदा देखभाल करणाऱ्या मावशी खोलीबाहेर गेल्यावर आजीच हळू आवाजात बोलल्या, "पाणी पेलं का उठा लागते. उठलं का तिले हाक मारा लागते. तिचे पाय पाह्यले का तू?"

नव्हते पाहिले. दोन वर्षं मी तिथे जात होते आणि मावशींच्या पायांकडे एकदाही लक्ष गेलं नव्हतं. घोटे सुजून चपलेच्या पट्ट्यावर आले होते. सकाळी सातला ड्युटीवर आलेली बाई, मजल्यावर चौदा माणसं, आणि टेकायला साधं स्टूलही नाही.

व्यवस्थापकांशी बोलून पंधरा दिवसांत दोन वस्तू आल्या. आजींच्या खाटेशेजारी कमोड खुर्ची आणि व्हरांड्यात मावशींसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची. त्यानंतर ग्लास रिकामा व्हायला लागला.

"वृद्धाश्रमात जाऊन काहीतरी करायचं आहे" असं म्हणत मला फोन करणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट आधी सांगते. आजी-आजोबांचं बरं चाललंय की नाही, हे मावशींचं कसं चाललंय त्यावर ठरतं. दोन्हीकडे एकाच वेळी बघायला शिकायचं, बाकीचं हळूहळू जमतं. खाली लिहिलेलं स्वयंसेवकांसाठी आहेच, पण ज्यांचे आई-वडील नुकतेच अशा ठिकाणी राहायला गेलेत त्यांनीही वाचावं.

एक शब्द आधीच सोडवून घेऊ. आपल्याकडे "नर्सिंग होम" म्हटलं की धंतोली-रामदासपेठेतलं छोटं खासगी हॉस्पिटल किंवा बाळंतपणाचं ठिकाण डोळ्यांपुढे येतं. मी बोलतेय ते वृद्धाश्रम आणि पडून असलेल्या रुग्णांची केअर सेंटरं यांच्याबद्दल. दोन्हींत फरक आहे. वृद्धाश्रमात बरेच जण स्वतःचं स्वतः करणारे असतात. केअर सेंटरमध्ये नळ्या, डायपर, एअर बेड असं सगळं असतं. पहिल्यांदा जाणार असाल तर वृद्धाश्रमापासून सुरुवात करा.

पायरी १: फोन करून जा, आणि केळी नेऊ नका

आधी व्यवस्थापकांना फोन करा, आधार कार्डाची झेरॉक्स द्या, कोणत्या वेळी गेलेलं चालेल ते विचारा. सकाळी सहा ते दहा म्हणजे आंघोळी, नाश्ता, गोळ्या, ड्रेसिंग यांची धांदल. एक ते तीन झोप. चार ते सहा ही बहुतेक ठिकाणी चांगली वेळ.

आता केळ्यांबद्दल. नागपुरात वाढदिवस, पुण्यतिथी, नेत्याचा जन्मदिवस, काहीही असलं की वृद्धाश्रमात फळवाटप ठरलेलं. एकदा एका दिवशी तीन मंडळं आली आणि प्रत्येकाने केळीच आणली. मधुमेहाचे आजोबा उशीखाली केळी लपवून बसले, दोन दिवसांनी चादरीला चिलटं. निस्तरलं कोणी? मावशींनी. पितृपक्षात तर विचारू नका. पंधरा दिवस रोज कोणाच्या तरी नावाने खीर, वडे, कढी. देणाऱ्याची श्रद्धा मला कळते, पण ऐंशी वर्षांच्या पोटाला लागोपाठ तीन दिवस तळलेले वडे झेपत नाहीत, आणि रात्री त्याचा निकाल लागतो तेव्हा नाइटला एकच बाई असते.

त्यापेक्षा फोनवरच विचारा, "या महिन्यात काय कमी पडतंय?" उत्तरं ऐकून नवल वाटेल. मोठ्यांचे डायपर, हातमोजे, रबर शीट, कानाच्या मशीनची बॅटरी, कूलरचा पंप, नखं कापायचं दणकट नेलकटर. फोटोत छान दिसेल असं यातलं काहीच नाही. आणि हो, फोटो काढू नका. खाटेवर बसलेल्या माणसाच्या हातात फळ देतानाचा फोटो तुमच्या गॅलरीत असण्याचं काहीच कारण नाही.

पायरी २: पहिले चार आठवडे नुसतं बसा

एक वार ठरवा आणि तोच धरा. मी बुधवार धरला तो केवळ माझ्या सोयीने. काही महिन्यांनी मला कळलं की एक काकू बुधवारी धुतलेलं पातळ नेसून बसतात. हे कळलं त्या आठवड्याला मी न सांगता दांडी मारली होती. ती चूक पुन्हा केली नाही. "येईन हं पुन्हा" हे वाक्य जायचं नक्की असेल तरच बोला.

या चार आठवड्यांत काही करायची घाई नको. व्हरांड्यात बसा आणि बघा. हाक मारायची घंटी कोणाच्या हाताला येते, कोणाच्या येत नाही. जेवणाचं ताट कोणाचं जसंच्या तसं परत जातं. ड्युटी बदलताना सकाळची मावशी संध्याकाळच्या मावशीला काय सांगते. कोण दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. बाथरूमकडे जाताना माणसं कुठे भिंतीचा आधार शोधतात. यातलं जे दिसेल ते वहीत टिपून ठेवा, पण सल्ला देऊ नका. पहिल्याच दिवशी "असं करायला हवं" म्हणणाऱ्यांना मावशी मान डोलावतात आणि गेल्यावर हसतात. बरोबरच करतात.

पायरी ३: हाक

सगळ्यांना सरसकट "आजी", "आजोबा" म्हणू नका. आमच्याकडे एक बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. कोणी हाक मारली तरी वळून बघायच्या नाहीत. कानाचा प्रॉब्लेम असं रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं. एका दिवशी त्यांच्या एक जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "बाई, आत येऊ का?" मान लगेच वर. "ये. उशीर का झाला?" लग्न न केलेल्या, आयुष्यभर "बाई" असलेल्या माणसाला आम्ही तीन वर्षं आजी, आजी करत होतो. तेव्हा पहिला प्रश्न हाच, "तुम्हाला काय म्हणू?" कोणाला सर, कोणाला अण्णा, कोणाला माय, कोणाला नुसतं नाव चालतं.

बोलताना उभ्याने वाकू नका, स्टूल ओढून डोळ्यांच्या पातळीवर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर असू द्या, खिडकी पाठीशी घेऊन बसलात तर समोरच्याला ओठ दिसत नाहीत. ओरडू नका, सावकाश आणि स्पष्ट बोला. टीव्ही बंद करा. आणि ऐकू येत नाही म्हणताहेत तर सिस्टरला विचारा, कानात मळ आहे का बघितलंय का? वर्षानुवर्षं साचलेला मळ डॉक्टरांनी काढला आणि माणूस पुन्हा बोलायला लागला, असं मी दोनदा बघितलंय.

मग एक कामाची गोष्ट करा. प्रत्येकाचं एक पान. कुठलं गाव, काय काम करायचे, घरात काय म्हणायचे, चहा कसा, कोणता देव किंवा कोणताच नाही, कशाची भीती, काय ऐकायला आवडतं. तुकडोजी महाराजांची भजनं, भीमगीतं, शेगावच्या गजानन महाराजांची आरती की जुनी हिंदी गाणी. दीक्षाभूमीवर १९५६ च्या ऑक्टोबरात वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेले एक आजोबा आमच्याकडे होते. १४ तारखेचा विषय निघाला की त्यांचा आवाजच बदलायचा. हे पान खाटेच्या कपाटाला आतून चिकटवा, म्हणजे नव्याने आलेल्या मावशीलाही पहिल्याच दिवशी बोलायला धागा मिळतो. अर्थात त्या व्यक्तीला विचारून, आणि ती "नको" म्हणाली तर नको.

पायरी ४: ठरवू द्या, हाताला काम द्या

वृद्धाश्रमात माणसाचं सगळं दुसरंच कोणी ठरवतं. उठायचं कधी, खायचं काय, दिवा कधी बंद. म्हणून जिथे शक्य तिथे एक छोटा निर्णय त्यांच्याकडे परत द्या. निळं पातळ की हिरवं? चहा आंघोळीआधी की नंतर? पंखा दोनवर की तीनवर? मावशींना घाई असते तेव्हा हे विचारणं सुटतं, ते तुम्ही करा.

आणि काम. मेथी निवडणं, वाती वळणं, लसूण सोलणं, तांदूळ पाखडणं. "या वयात कशाला त्रास" म्हणणारे चांगल्या मनाचे असतात, पण ऐकू नका त्यांचं. डिसेंबरात संत्री आली की आम्ही गोल करून बसतो. जुने हात संत्र्याची साल एका तुकड्यात काढतात, फाकांवरचे धागे काढून बिया वेगळ्या करतात. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना फाक द्यायची नाही, रस द्यायचा. किडनीचा आजार असेल तर तोही सिस्टरला विचारूनच. पण सोलायला मात्र ते सगळ्यांत पुढे.

आणखी एक काम सांगते, ज्याला तुमच्यासारखा मोबाइलवाला माणूस लागतोच. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. म्हाताऱ्या बोटांचे ठसे घासून गेलेले असतात, मशीन घेत नाही. जीवन प्रमाणला आता चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे, स्मार्टफोनवर होतं. पण आधीच तपासा की ओटीपी कोणाच्या मोबाइल नंबरवर जाणार आहे. बहुतेक वेळा तो पुण्याच्या मुलाचा निघतो, आणि ओटीपी त्याच्याकडे जातो तेव्हा तो मीटिंगमध्ये असतो. ऑक्टोबरातच ही साफसफाई करून ठेवा. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (मोफत उपचारांसाठीचं सरकारी कार्ड) निघालंय का तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

पायरी ५: डोळे उघडे, हात आवरते

शिकल्याशिवाय कोणाला उचलू नका, भरवू नका, नळीला हात लावू नका. पण तुम्हाला काय दिसतंय हे सिस्टरपर्यंत पोहोचवणं तुमच्या हातात आहे, आणि आठवड्यातून एकदा येणाऱ्याला जो फरक दिसतो तो रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

ऊन. आपल्याकडे हे सगळ्यांत आधी. वय वाढलं की तहान कमी लागते, म्हणजे "तहान लागली की पितील" यावर विसंबता येत नाही. लघवीच्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी कमी होतं. दर तासाला थोडं थोडं, हातात देऊन. ताक, पन्हं, आंबील, जे रुचेल ते. मात्र हृदय किंवा किडनीच्या काही रुग्णांना पाण्याचं माप दिलेलं असतं, म्हणून आधी विचारा. कूलर चालू आणि खिडक्या बंद असतील तर खोलीत नुसता दमटपणा साचतो, समोरची एक खिडकी उघडी हवीच. पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपतो, तेव्हा पंखा. टाकी आठवड्याला रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास. आणि कूलरजवळ जमीन ओली असेल, वायर उघडी असेल तर त्याच मिनिटाला सांगा, आजोबा अनवाणी चालत असतात. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, माणूस गुंगीत असेल तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत कपडे सैल करून अंगावर पाणी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

अचानक बदललेलं वागणं. परवापर्यंत नीट बोलणाऱ्या काकू आज माणसं ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. "वय झालं" असं म्हणून सोडू नका. दोन-तीन दिवसांत असं झालं तर पाठीमागे बहुधा काहीतरी शारीरिक असतं: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, नवी गोळी, कुठेतरी दुखणं. डॉक्टरांना त्याच दिवशी कळायला हवं.

पाठ. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. माकडहाड, टाचा, कमरेची बाजू इथे लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती जात नसेल तर ती बेडसोरची सुरुवात. तिथे तेल-पावडर लावून चोळायची आपली जुनी सवय आहे, ती मोडा. चोळल्याने आतली त्वचा आणखी दुखावते. त्या जागेवरचा भार काढणं हाच उपाय.

भरवणं. शिकून घेतल्यावर जमेल. माणूस ताठ बसलेला, घास लहान, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. एका घासाला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा. पाच जणांना भरवायचं असलेल्या मावशीचं गणित तिथेच समजतं.

पायरी ६: "मला घरी जायचंय"

विसरण्याचा आजार असलेल्यांकडून हे रोज ऐकाल, विशेषतः दिवेलागणीला. "हेच तुमचं घर" असं समजावू नका, वाद वाढतो. "मुलगा येईल उद्या" असं खोटंही नको.

काटोलकडचे एक आजोबा होते, शेतकरी. पाच वाजले की फाटकाशी. "ढोरं बांधाची राह्यली. सोड मले." सुरुवातीला तिघं मिळून ओढून आणायचे, मग आरडाओरडा, मग झोपेची गोळी. बदल घडवला तो चौकीदाराने. तो म्हणाला, "बाबाजी, किती जोड्या आहे तुमच्या?" आजोबा थांबले. दोन, म्हणाले. मग नावं, रंग, कुठल्या बाजारातून आणले, कोणता मारका. बोलत बोलत दोघं विहिरीपर्यंत जायचे आणि परत यायचे, तोवर चहा झालेला असायचा. त्यांना बैलांची काळजी होती, तेवढी कोणीतरी ऐकून घेतली की फाटक विसरायचे. रस्त्याकडे लक्ष ठेवणारं माणूस सोबत हवं, हे सांगायला नको.

तान्ह्या पोळ्याला आम्ही शेजारच्या पोरांना लाकडी बैल घेऊन बोलावलं. एरवी चमचा धरताना थरथरणाऱ्या त्या आजोबांच्या हातांनी एका बैलाचं गळ्यातलं सोडलं आणि नीट बांधून दिलं. "एवढं घट्ट बांधत्यात का रे?" पोराला दम.

पायरी ७: मावशी, दादा, सिस्टर

खरं तर ही पायरी पहिली घालायची होती. पण नवा माणूस आजी-आजोबांसाठी आलेला असतो, त्याला थेट इकडे वळवलं तर तो बुचकळ्यात पडतो.

या बाया येतात कुठून ते विचारा. कामठी, हिंगणा, बुटीबोरी, काही गडचिरोली-चंद्रपूरकडच्या, काही छिंदवाडा-बालाघाटच्या. बारा तासांची ड्युटी, वर येण्याजाण्याचे दोन तास. घरी सासू पडून आहे, पोरगं दहावीला आहे. इथे चौदा जणांचं करून घरी गेल्यावर पंधरावं. यांना "तुम्ही किती पुण्याचं काम करता" असं सांगू नका. पुण्यावर बसचं तिकीट निघत नाही, हे एका मावशीने मला तोंडावर सांगितलंय.

मग काय करायचं? तुम्ही आलात की एक मावशी पंधरा मिनिटं बसू शकेल अशी व्यवस्था करा. तिच्या खोलीत तुम्ही बसा, कोणी उठायला लागलं तर हाक मारायची जबाबदारी तुमची. तिला चहा वेगळ्या ठेवलेल्या कपात नाही, सगळ्यांसारख्या कपात. एवढ्याने पहिल्या महिन्यात फरक दिसतो. आल्या आल्या "आज कोणाचं जड गेलं?" असं तिला विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.

व्यवस्थापनाशी ओळख झाली की या गोष्टी एकेक करून बोला, सगळ्या एकदम नको. पाठ टेकायची खुर्ची. कुलूप लागेल असं कपाट. कर्मचाऱ्यांसाठी वेगळं, कडी लागणारं बाथरूम. आठवड्याची सुट्टी, आणि त्या दिवशी बदलीवर येणारं माणूस. रात्रीची ड्युटी किमान दोघींची. उचलताना दोघांनी मिळून, खालच्या आडव्या चादरीला धरून, गुडघ्यात वाकून, ओढायचं नाही. हे शिकवायला फिजिओथेरपिस्टचा एक तास पुरतो. कंबर गेलेली मावशी काम सोडत नाही, गोळी खाऊन येत राहते, आणि दुखऱ्या कमरेने उचललेल्या माणसालाही ते जाणवतं.

शिक्षणाचा मुद्दा नागपुरात तरी कमी लेखू नये. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ उभा केला, त्या स्वतः परिचारिकेचं शिक्षण घेतलेल्या होत्या. आज शंभर वर्षांनंतरही बऱ्याच ठिकाणी मावशीला पहिल्या दिवशी एप्रन मिळतो आणि "बघून बघून शीक" असं सांगतात. "जनरल ड्युटी असिस्टंट" नावाचे कोर्स आहेत, कोणाला करायचा असेल तर फी आणि त्या दिवसांची मजुरी यांची सोय बघा. फळांवर खर्च होणारे पैसे इथे वळवता येतात. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांचं सरकारी नोंदणी कार्ड) काढून द्यायलाही मदत लागते, तिथेही तोच ओटीपीचा घोळ.

चोरीचा आळ. अंगठी, चष्मा, कवळी, पाचशेची नोट. काही हरवलं की नजर आधी मावशीकडे. एकदा एका आजींच्या पाटल्या गेल्या म्हणून एका बाईची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली, आणि पाटल्या आठ दिवसांनी उशीच्या अभ्र्यात सापडल्या. माफी मागायला कोणी गेलं नाही, ती बाईही परत आली नाही. तेव्हापासून आमच्याकडे भरती होताना दागिन्यांची यादी दोन सह्यांनी होते आणि दागिने घरच्यांकडे परत जातात. तुम्हीही मावशींना एकटीला बाजूला घेऊन पैसे देऊ नका. त्याने त्यांचीच अडचण होते. द्यायचे तर ऑफिसमधून, सगळ्यांना सारखे.

आणि मरण. तीन वर्षं जिला भरवलं, जिची वेणी घातली, ती आजी पहाटे जाते. नातेवाईक येतात, गाडी जाते. मावशीला सांगतात, गादी उन्हात टाका, संध्याकाळी नवीन पेशंट आहे. तिचं रडू कुठे जातं? आमच्याकडे आता एक साधी पद्धत आहे. खाट एक रात्र मोकळी ठेवायची. दुसऱ्या दिवशी ड्युटी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या मावशी पाच मिनिटं बसतात, एक पणती किंवा मेणबत्ती, जे त्या माणसाच्या घरात चालत असेल ते, आणि ज्याला जे आठवतं ते बोलायचं. बहुतेक वेळा हसण्यासारखंच आठवतं. एखादीला झोप लागेनाशी झाली, सतत रडू येतं, कामावर यावंसंच वाटत नाही, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर भिंतीवर लावून ठेवा, पण कोणाला बोट दाखवून "तुम्हीच करा" म्हणू नका.

नुसतं दुःखच असतं असंही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई-इडापिडा घेऊन जाणारा पुतळा, मिरवतात. त्या दिवशी आमच्या मावशींनी जुन्या चादरीची एक छोटी मारबत केली होती. आवारात फिरवली. "खोकला, सर्दी घेऊन जा गे मारबत!" इथवर ठीक. मग एकीने सूर लावला, "नाइट ड्युटी घेऊन जा गे मारबत!" दुसरी, "डायपरची टंचाई घेऊन जा गे मारबत!" खुर्च्यांवर बसलेले सगळे टाळ्या वाजवत होते. व्यवस्थापक जरा बाजूला जाऊन उभे राहिले. डायपर त्या महिन्यात वेळेवर आले.

पायरी ८: घरची मंडळी

आई-वडिलांना ठेवून जाणाऱ्यांकडे तुच्छतेने बघू नका. त्यातले बरेच जण दोन वर्षं स्वतः सगळं करून थकलेले असतात, वर "लोक काय म्हणतील" हे ओझं. तुम्ही स्वतः घरचे असाल तर एवढंच सांगेन: दर रविवारी अर्धा तास येणं हे महिन्यातून एकदा दिवसभर येण्यापेक्षा बरं. आल्यावर आधी आईजवळ बसा, मग तक्रारी. आणि रात्री अकराला मावशींच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करू नका. तिची झोप आणि तिचा डेटा दोन्ही तिचे आहेत.

पायरी ९: खटकलं तर

अंगावर कारण सांगता न येणारे व्रण, हात बांधून ठेवलेले, माणूस एका ठरावीक व्यक्तीला बघून आखडतो, पैशांवर किंवा कागदांवर जबरदस्तीने सही. तारीख, वेळ, काय दिसलं एवढं लिहून ठेवा आणि प्रथम व्यवस्थापनाकडे जा. तिथून काही झालं नाही तर १४५६७, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन. मुलं विचारत नाहीत, खर्च देत नाहीत, असं असेल तर २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, त्यात वकील लागत नाही. महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि नंतर सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागायची तरतूदही त्यातच आहे, कलम २३. मात्र अर्ज करायचा की नाही हे त्या व्यक्तीने ठरवायचं. आमच्याकडच्या एका काकांनी पूर्ण भरलेला अर्ज फाडून टाकला होता. त्यांचा हक्क होता तो.

आणि दांडी मारणार असाल तर

जमणार नाही असे आठवडे येतातच. लग्नसराई, आजारपण, नातवंडांच्या परीक्षा. फोन करा, दुपारी चारच्या आत, म्हणजे धुतलेलं पातळ नेसून बसलेल्या काकूंना वेळेत कळेल. फोन ऑफिसच्या नंबरवर करा, मावशींच्या नाही. चार वाजता त्या बसलेल्या असतात.